आठ फुटांचा हट्ट सोडा: अंगणातल्या स्विमिंग पूलची खोली आणि तळाचा उतार

वाचकाचं पत्र

तळेगाव दाभाड्याला आमचा बंगला आहे. मागच्या अंगणात तीस बाय पंधरा फुटांचा स्विमिंग पूल बांधायचं ठरलंय. घरात आम्ही पाच जण. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, उंची चार फूट अकरा इंच, गुडघे दुखतात, डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय. मी पाच फूट तीन, हे पाच फूट आठ. मोठी अकरा वर्षांची, उंची चार फूट सात, पोहायला शिकतेय. धाकटा सहा वर्षांचा, पावणेचार फूट, आणि तो पाण्याला अजिबात घाबरत नाही, हीच माझी भीती. ह्यांचं सगळं लहानपण गावच्या विहिरीत गेलं. सूर मारता आला पाहिजे म्हणून त्यांना एका टोकाला आठ फूट खोली हवी आहे. कंत्राटदार म्हणतो, ‘साडेतीन ते आठ, सगळ्यांचे असेच असतात.’ जमीन वर दोन फूट काळी माती, खाली मुरूम. पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचं पाणी जमिनीपासून तीन फुटांवर येतं. खोली किती ठेवावी? उतार कसा द्यावा? धाकट्यासाठी वेगळा बेबी पूल करावा का? आणि टाइल कोणत्या रंगाच्या घ्याव्यात?

— एक वाचक, तळेगाव

ताई, नमस्कार.

आधी उत्तर देते, मग कारणं. उथळ टोकाला तीन फूट पाणी ठेवा आणि खोल टोकाला सव्वाचार फूट. आठ फूट नको. पहिले दहा फूट तळ जवळजवळ सपाट असू दे, दहा फुटांत फक्त दोन इंच उतार. तिथून पुढच्या वीस फुटांत हळूहळू तेरा इंच खाली जा. मध्ये कुठेही एकदम खाली जाणारा टप्पा नको. तुमच्या घरातल्या पाचही जणांची उंची डोळ्यांसमोर ठेवून हे सांगते आहे. ‘सगळ्यांचे असेच असतात’ हे कारण मला पुरत नाही, तुम्हीही ते मान्य करू नका.

खणायला सुरुवात होण्याआधी एक काम करा. घरातल्या एखाद्या भिंतीवर जमिनीपासून तीन फूट, साडेतीन फूट, सव्वाचार फूट आणि आठ फूट अशा खडूने रेघा मारा आणि एकेकाला भिंतीला पाठ लावून उभं करा. तीन फुटांची रेघ सासूबाईंच्या बेंबीच्या थोडी वर येईल. सव्वाचार फुटांची रेघ तुमच्या खांद्यापाशी, ह्यांच्या काखेपाशी आणि मोठीच्या तोंडापाशी येईल. धाकट्याच्या तर तीन फुटांचीच रेघ खांद्याच्या वर, मानेशी जाईल. आठ फुटांची रेघ बघायला सगळ्यांनाच मान वर करावी लागेल. मग ह्यांना शांतपणे विचारा, की धाकटा त्या टोकाला गेला आणि तुम्ही घरात नसलात, तर त्याला कोण काढणार?

खोल टोकाची खोली मी नेहमी या एकाच प्रश्नावरून ठरवते. मुलाला उचलायला जो माणूस पाण्यात उतरेल, त्याचे पाय तळाला टेकलेले असताना त्याचं नाक-तोंड पाण्याच्या चांगलं वर राहिलं पाहिजे. दुपारी घरी तुम्ही असता, म्हणून मोजायची ती तुमची उंची. ह्यांची नाही. बुडणाऱ्या माणसाला वाचवायचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं, आणि चांगलं पोहणाराही घाबरलेल्या मुलाच्या मिठीत सापडून खाली जाऊ शकतो. तळाला पाय टेकलेली आई मात्र मुलाला सरळ उचलून काठावर ठेवू शकते. सव्वाचार फुटांचा आकडा इथून आलेला आहे.

मग एवढ्या पाण्यात पोहता येईल का, हा प्रश्न ह्यांच्याकडून येणारच. येईल. फ्रीस्टाइल पोहताना हात पाण्याखाली साधारण दोन-अडीच फूट जातो. वर्ल्ड ॲक्वॅटिक्स या जागतिक जलतरण संघटनेच्या नियमांत, शर्यतीच्या तलावाला उडी मारायचे ठोकळे असतील तर त्या टोकाशी किमान १.३५ मीटर पाणी लागतं आणि बाकी ठिकाणी किमान १ मीटर चालतं. १ मीटर म्हणजे सव्वातीन फूट. ऑलिंपिकच्या तलावांना याहून बरंच खोल पाणी लागतं, पण ते वेगासाठी आणि लाटा तळावर आपटून परत येऊ नयेत म्हणून. अंगणात त्याची गरज नाही.

सासूबाईंसाठी तीन फुटांचा पट्टा फार मोलाचा आहे. पाणी कमरेपर्यंत असलं की पायांवर येणारं वजन साधारण निम्मं होतं, आणि छातीपर्यंत आलं की तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरतं. त्यांना कमर ते छाती एवढंच पाणी हवं. पहिल्या दहा फुटांत त्या आडव्या, पंधरा फुटांच्या रुंदीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू शकतील. पायांखाली दोन्ही बाजूंना सारखीच खोली राहील आणि हाताशी भिंत असेल. म्हणूनच हा भाग जवळजवळ सपाट ठेवायला सांगते आहे. अगदी पूर्ण सपाट मात्र नको. पाणी काढताना तिथे थारोळं साचतं, गाळ बसतो, आणि गाळ बसला की शेवाळ धरून पाय घसरतो. दहा फुटांत दोन इंच पुरेसे आहेत.

आता उताराबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. खोलीबद्दल घरात वाद होतात, पण उतार कंत्राटदारावर सोडला जातो. आणि घरगुती तलावात पोहता न येणारा माणूस संकटात सापडतो तो बहुधा तळ जिथे अचानक उतरायला लागतो तिथे. तो उभा असतो छातीभर पाण्यात, एक पाऊल मागे टाकतो, टाइल ओली, पायांवर वजन जवळजवळ नाही, त्यामुळे पकडही नाही. पाय घसरत खालीच जातात आणि परत वर चढता येत नाही. पाण्यात तीव्र उतार चढणं जमिनीवर चढण्यापेक्षा किती अवघड आहे हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

तुमच्या कंत्राटदाराचा नकाशा पत्रात नाही, पण साडेतीन ते आठ म्हटलं की तीस फुटांत दोनच प्रकार होऊ शकतात. एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उतार: तीस फुटांत साडेचार फूट, म्हणजे जवळपास पावणेसात फुटांना एक फूट. दुसरा, आणि जास्त प्रचलित, दहा फूट साडेतीनचा सपाट भाग, शेवटचे आठ फूट आठ फूट खोलीचे, आणि मधल्या बारा फुटांत साडेचार फुटांची घसरण. ती पावणेतीन फुटांनाही एक फूट पडते. अमेरिकेतल्या घरगुती तलावांच्या नियमांत उथळ भागातला उतार सात फुटांना एक फूट यापेक्षा तीव्र चालत नाही आणि खोल भागाकडे उतरणारा उतार तीन फुटांना एक फूट यापेक्षा तीव्र चालत नाही. तिथे घरोघरी तलाव असल्यामुळे हे नियम अनुभवातून आलेले आहेत. तुमच्या तीस फुटांत आठ फूट खोली बसवायला गेलं की पहिल्या प्रकारात पहिली मर्यादा ओलांडली जाते आणि दुसऱ्या प्रकारात दुसरी. जागा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मी सांगितलेला उतार साधारण साडेअठरा फुटांना एक फूट पडतो. उभं राहायच्या भागात बारा फुटांना एक फूट याच्यापेक्षा तीव्र उतार मी कधीच देत नाही, आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात त्याहून सौम्य. आकडे डोळ्यांसमोर येत नसतील तर सेंटरिंगची सहा फुटी फळी घ्या. एक टोक जमिनीवर ठेवून दुसरं चार इंच उचला, तो मी सांगते तो उतार. सहा इंच उचला, तो बाराला एक. मग दोन फूट उचला आणि त्या फळीकडे बघा, तो तीनाला एक. फळी ओली करून तिच्यावर अनवाणी उभं राहायची तुमची स्वतःची तयारी आहे का, एवढं बघितलं तरी पुरे. सासूबाईंना उभं करू नका.

काही ठिकाणी दोन्ही टोकं उथळ आणि मध्यभाग खोल असा तळ करतात, चेंडू खेळायला बरा पडतो म्हणून. तुमच्याकडे नको. धाकट्याला ‘या दोरीच्या पलीकडे जायचं नाही’ असं एकच वाक्य सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी खोली एकाच दिशेने वाढायला हवी. दोरी नऊ फुटांवर, जिथे उतार सुरू होतो त्याच्या फूटभर अलीकडे, दोन्ही भिंतींत कड्या बसवून कायमची लावा. तरंगणारे गोळे ओवलेली दोरी मिळते. ह्यांना लांब पोहायचं असेल तेव्हा एक कडी सोडायची आणि बाहेर येताना आठवणीने परत लावायची.

ह्यांच्या सुराबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. विहिरीत सूर मारत, मुटका मारत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून पोहायला शिकलेली पिढी पाण्याशी जवळीक ठेवून आहे, आणि ही जवळीक त्यांनी मुलांना द्यावी असं मला मनापासून वाटतं. पण विहिरीत सूर मारणं निभावून जातं, कारण खाली पुष्कळ पाणी असतं आणि तळ चढत आपल्याकडे येत नाही. अंगणातल्या तलावात सूर मारणारा माणूस नुसता खाली जात नाही, तो पुढे सरकत खाली जातो. उथळ टोकाकडे तोंड करून उडी मारली की पुढचा चढता तळ थेट त्याच्या डोक्याच्या वाटेत येतो. तुमच्याकडे खोल सपाट भाग जेमतेम आठ फूट लांबीचा असेल, आणि वेगात मारलेला सूर तेवढं अंतर सहज ओलांडतो. अशा अपघातात मानेचे मणके मोडतात, मज्जारज्जूला इजा होते आणि माणूस गळ्याखाली लुळा पडतो. त्यात बहुतेक धडधाकट, तरुण, चांगले पोहणारे पुरुष असतात.

आठ फूट हा सुरासाठी सुरक्षित आकडाही नाही. डोकं आधी टाकून पाण्यात शिरायचं तर किमान नऊ फूट पाणी हवं, असं अमेरिकन रेड क्रॉस सांगतं. एक मीटर उंचीच्या फळीवरून सूर मारायच्या तलावांना साधारण अकरा फूट खोली लागते, आणि दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मखाली पाच मीटर. म्हणजे आठ फुटांत ह्यांचा सूर नीट होणार नाही आणि बाकी चौघांना मात्र त्या खोलीची जोखीम रोज सोसावी लागेल. तळेगावहून म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल फार लांब नाही, तिथे डायव्हिंगचा वेगळा तलाव आहे. सूर तिथे मारावा, गावी गेल्यावर विहिरीतही मारावा, मोठीला बरोबर न्यावं. घरच्या तलावात मात्र नियम एकच: पाय आधी, आणि तेही काठावर बसून. हा नियम ह्यांनी स्वतः पाळला तरच मुलं पाळतील, हे त्यांना माझ्या वतीने सांगा.

आता जमिनीकडे येते. तुमच्या पत्रातलं शेजारच्या विहिरीबद्दलचं वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि ते तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

जमिनीतलं पाणी तलावाच्या तळाला खालून वर ढकलतं. तळाच्या स्लॅबच्या खालच्या बाजूपेक्षा बाहेरचं पाणी एक मीटर वर असेल तर दर चौरस मीटरला एक टन जोर वर लागतो. आठ इंच जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचं वजन चौरस मीटरला साधारण अर्धा टन. आता हिशोब करू. आठ फूट पाण्याच्या तलावात काठापासून पाण्यापर्यंत अर्धा फूट आणि खाली स्लॅब, कोबा, टाइल मिळून जवळपास फूटभर धरलं, तर स्लॅबची खालची बाजू जमिनीखाली साडेनऊ फुटांच्या आसपास जाते. विहिरीचं पाणी तीन फुटांवर म्हणजे जवळजवळ दोन मीटरचा दाब, चौरस मीटरला दोन टन. तलाव भरलेला असेल तोवर आतल्या पाण्याचं वजन त्याला पुरून उरतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये सफाईसाठी कुणी तो रिकामा केला, तर अर्ध्या टनाच्या स्लॅबला दोन टन खालून रेटतात. स्लॅब फुगतो, तडे जातात, कधी आख्खा तलावच एका बाजूने उचलला जातो. गोष्ट अतिशयोक्तीची वाटते, पण हे खरोखर घडतं, आणि मग तो तलाव दुरुस्त होत नाही.

सव्वाचार फुटांच्या तलावात हाच जोर पाऊण टनाच्या थोडा वर येतो. आणि तलावाचा काठ जमिनीपासून दीड फूट उंच घेतलात, म्हणजे जोत्यासारखा, तर तो पावणेचारशे किलोच्या आसपास उतरतो. मग स्लॅबचं स्वतःचं वजनच त्याला पुरतं, भिंतींचं वजन वेगळं. दीड फूट उंच काठाचे आणखी फायदे: पावसात अंगणातलं गढूळ पाणी आत येत नाही, दीड फूट खोदाई वाचते, आणि सासूबाईंना काठावर बसून पाय आत सोडता येतात. फक्त बाहेरून वर चढायला तीन पायऱ्या आणि एक कठडा द्या.

तरीही स्लॅबखाली खडीचा थर, त्या थराला जोडलेला बाहेरचा एक छोटा खड्डा, त्यात पाइप, म्हणजे पावसाळ्यात पाण्याची पातळी दिसेल आणि गरज पडली तर पंप टाकून ती उतरवता येईल, एवढं कराच. तळात दाब सोडणारा व्हॉल्व्हही बसवा. खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, जून ते ऑक्टोबर तलाव रिकामा करायचा नाही. वरची दोन फूट काळी माती मात्र पूर्ण काढा, भिंतींच्या बाजूंनीसुद्धा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना ढकलत-ओढत राहते. तिच्या जागी मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मस करून भरा.

खोली वाढली की भिंतींवरचा भार किती वाढतो हेही लक्षात घ्या. पाण्याची खोली दुप्पट केली तर भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो आणि भिंतीला बुडाशी वाकवणारा जोर आठपट. त्यामुळे चार फुटांच्या भिंतीचं लोखंड आठ फुटांच्या भिंतीला चालत नाही. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामासाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे, एम ३० दर्जाचं काँक्रीट त्यातूनच येतं. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला त्याप्रमाणे हिशोब केला आहे का हे विचारा. कंत्राटदार ‘आमची नेहमीची सळई’ म्हणाला तर त्याला थांबवा.

पाण्याचा हिशोब अगदी थोडक्यात. मी सांगते त्या तलावात साधारण ४५ हजार लिटर पाणी बसेल. कंत्राटदाराच्या, मधे घसरण असलेल्या तलावात ७१ हजार. दहा हजार लिटरचे अडीच टँकर जास्त, आणि नुसते एकदाच नाही: पंप तेवढा मोठा, फिल्टर तेवढा मोठा, क्लोरीन तेवढं जास्त. सगळं पाणी सहा तासांत एकदा गाळून यायचं तर तुम्हाला तासाला साडेसात हजार लिटरचा पंप पुरेल, कंत्राटदाराच्या तलावाला बारा हजारांचा लागेल. बाष्पीभवनाने जाणारं पाणी मात्र दोन्हीकडे सारखंच, ते पृष्ठभागावर अवलंबून असतं. कडक उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर धरलं तर तुमच्या तलावातून रोज तीनशे-साडेतीनशे लिटर उडतं. त्यासाठी रात्री झाकायचं आच्छादन घ्या.

खोल टोकाला तळातली जाळी येईल. एकच जाळी बसवू देऊ नका. दोन हव्यात, एकमेकींपासून किमान तीन फुटांवर, दोन्ही एकाच पाइपला जोडलेल्या, आणि वरची झाकणं फुगीर, केस किंवा अंग चिकटून बसणार नाही अशी. पंप एका जाळीतून पाणी खेचत असताना एखादं मूल तिच्यावर बसलं तर ओढीने असं चिकटतं की मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशीच गेली. तिथले माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २००७ साली तिच्या नावाने कायदा झाला. आपल्याकडे झाकण तुटलं तर तसंच महिनाभर चालवतात. तुम्ही त्या दिवशी पंप बंद करा.

धाकट्यासाठी वेगळा बेबी पूल करू नका. दीड फूट पाण्यातही लहान मूल बुडतं, आणि वेगळा तलाव म्हणजे डोळा ठेवायच्या दोन जागा. त्याऐवजी उथळ टोकाच्या एका कोपऱ्यात पाच फूट रुंद पायऱ्या करा. प्रत्येक पायरीची उंची सात इंच, पाऊल टाकायची जागा किमान बारा इंच, आणि वरून दुसऱ्या पायरीवर पाऊल टाकायची जागा चांगली चार फूट, म्हणजे धाकटा तिच्यावर बसून खेळू शकेल. पाणी तिथे आठेक इंच असेल. बाजूला स्टीलचा कठडा, सासूबाईंच्या उजव्या हाताला येईल असा. उभी शिडी त्यांना जमणार नाही. आणि तो पायरीवर बसलेला असताना मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजेच, मोबाइल बाजूला ठेवून. बुडणारं मूल ओरडत नाही, हात आपटत नाही, गुपचूप खाली जातं.

वरून बघताना पाणी खऱ्या खोलीच्या पाऊणपटच दिसतं, प्रकाश वळल्यामुळे. चार फूट पाणी तीन फुटांसारखं वाटतं. पाण्याला न घाबरणाऱ्या मुलाला ते आणखीच सोपं वाटणार. म्हणून तलावाभोवती चार फूट उंचीचं कुंपण, आपोआप मिटणारं दार, कडी वरच्या बाजूला. गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नको. बजेट कमी पडलं तर टाइल साध्या घ्या, दिवे पुढच्या वर्षी लावा, पण कुंपण पाणी भरायच्या आधी उभं राहिलं पाहिजे.

प्रत्यक्ष कामावर एक गोष्ट तुम्ही स्वतः उभं राहून बघा. नकाशातली खोली कुठून कुठपर्यंत मोजली आहे? काठाच्या वरून, की पाण्याच्या पातळीवरून? स्लॅबपर्यंत, की टाइलपर्यंत? स्लॅबवर कोबा आणि टाइल मिळून अडीच-तीन इंच सहज जातात, काठाखाली पाणी पाच-सहा इंच राहतं. हे न बोलता गृहीत धरलं की तीन फुटांचे सव्वादोन होतात, नाहीतर पावणेचार. नकाशावर पाण्याची पातळी एका ठळक रेघेने काढून घ्या आणि सगळी मापं त्या रेघेपासून खाली लिहायला लावा.

मग कोबा टाकायच्या आदल्या दिवशी गवंड्याकडून पाणसळ लावून घ्या. पाणी भरलेली पारदर्शक नळी, एक टोक एका भिंतीवर, दुसरं टोक फिरवत फिरवत चारही भिंतींवर पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि निळ्या दोऱ्याने ती रेघ मारून घ्यायची. एक दोरी त्या रेघेवर आरपार ताणा आणि टेपने खाली मोजा: टोकाशी, दहा फुटांवर, वीस फुटांवर आणि तीस फुटांवर. टाइलनंतरची मापं यायला हवीत ती अशी: तीन फूट, तीन फूट दोन इंच, तीन फूट साडेआठ इंच, चार फूट तीन इंच. कोबा आणि टाइलची जाडी गवंड्याला विचारून त्यात मिळवा. दहा-वीस मिनिटांचं काम आहे. ही चार मापं जुळली तर उतार बरोबर आहे. नाही जुळली तर माल ओतायच्या आधी दुरुस्त होतं, नंतर छिन्नी घेऊन फोडावं लागतं.

टाइल लावायच्या आधी पाणी भरून चाचणी घ्या. आठवडाभर तसंच राहू द्या, काँक्रीट पाणी पिऊन घेतं. मग पुढचा आठवडा रोज पातळी मोजा. एक बादली पाण्याने भरून पायरीवर, तलावाच्या पाण्यातच ठेवा आणि तिच्यातली घट बाजूला लिहा. तलावातली घट बादलीपेक्षा जास्त असेल तर गळती आहे, सारखी असेल तर ते ऊन आहे. काम दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे हे सगळं मेच्या आधी आटोपेल. नगरपरिषदेची परवानगी त्याआधी काढून ठेवा.

टाइलचा रंग. तळाला आणि भिंतींना फिकट: पांढरट किंवा अगदी हलका निळा, तळाच्या टाइल खरखरीत. गडद निळा, काळा किंवा हिरवा तळ फोटोत छान दिसतो, पण त्यावर खाली गेलेलं मूल काठावरून दिसत नाही, आणि पाणी गढूळ झालेलंही उशिरा कळतं. गडद निळ्या टाइल फक्त तीन ठिकाणी घ्या: प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांची पट्टी, दहा फुटांवर जिथे उतार सुरू होतो तिथे तळावर आणि भिंतींवर सलग सहा इंचांचा पट्टा, आणि काठावर खोलीचे आकडे. आकडे मराठीत, मोठे, फुटांत लिहून घ्या. धाकट्याला ते वाचता येतील.